पू न धरलेली जखम

चांगला पू दिसला की त्यांना बरं वाटायचं. बैलाच्या खांद्यावरचं गळू फोडलं आणि पिवळा, घट्ट पू वाहायला लागला की मालक तोंड फिरवायचा, आणि हे खाली वाकून वास घ्यायचे. "झकास हाये," म्हणायचे. "आले सारे पांढरे शिपाई. कामावर येऊन मेले बिचारे." मग त्यातला थेंबभर काचेच्या पट्टीवर पुसून ती पट्टी रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचे. त्याच रुमालानं दुपारी तोंड पुसताना मी त्यांना पाहिलं आणि पुढे पंधरा दिवस त्यांच्याबरोबर डबा खाल्ला नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

मी तेव्हा नुकतीच पशुधन विकास अधिकारी म्हणून दारव्हा तालुक्यात रुजू झाले होते. गावाचं नाव सांगत नाही. बोरी अरबच्या बाजाराला जाणारी गुरं आमच्या दवाखान्यासमोरून जायची, एवढं पुरे. ते माझ्या हाताखाली पर्यवेक्षक होते. हाताखाली हे कागदावर. त्यांची नोकरी माझ्या वयापेक्षा चार-पाच वर्षांनीच कमी होती. मी पदवीधर, ते पदविकावाले, त्यामुळे खुर्ची माझी आणि दवाखाना त्यांचा.

पहिल्या दिवशी मी बॅग घेऊन फाटकातून आत शिरले तेव्हा ते अंगणात स्टुलावर बसून सूक्ष्मदर्शकात पाहत होते. कुठल्याशा बंद पडलेल्या कॉलेजच्या लिलावातून आणलेलं ते जुनं यंत्र, खाली आरसा असलेलं. त्यावर दिवा नव्हता, ऊन आरशात धरून पाहावं लागे. आभाळ आलं की त्यांचा त्या दिवसाचा अभ्यास बंद. मी जवळ जाऊन माझं नाव, हुद्दा सांगितला. त्यांनी डोळा न काढता सांगितलं, "मॅडम, जरा उजेडातून बाजूले व्हा."

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. गायींची राहत. एखादा शेतकरी आला की ते त्याच्याकडे बघत बसायचे, आणि मग त्याची गाय दिसली की चेहरा उजळायचा. "अरे, तू मोरीवाला काय!" अख्ख्या पंचक्रोशीला त्यांनी असं गायींवरून ओळखलं होतं. मोरीवाला, लालीवाला, तुटक्या शिंगीचा जावई. मालकाला ते अरे-तुरे करत आणि गायीला अहो-जाहो. "सरका बाई थोडं. हो, तिकडं. काहून घाबरून राह्यल्या?" असं म्हणत ते तिच्या मागे उभे राहायचे, खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवलेला, तोंडात रेतकांडीची नळी धरलेली. कृत्रिम रेतन करताना त्यांचा हात इतका हलका होता की गाय रवंथ थांबवत नसे. ते मला कधीच जमलं नाही. अजूनही जमत नाही, आणि आता शिकायची हौसही उरलेली नाही.

दर शनिवारी ते एस.टी.नं उमरखेडला बायकोकडे जायचे आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत यायचे. बाकी पाच रात्री दवाखान्यामागच्या खोलीत. त्या खोलीत एक खाट, एक स्टो आणि रजिस्टरं. भिंतभर रजिस्टरं. कुठल्या गायीला कोणत्या वळूच्या वीर्याची कांडी भरली, वासरू कधी झालं, नर की मादी, जगलं की गेलं, सगळं बारीक अक्षरात. एवढं लिहा असं कोणी सांगितलेलं नव्हतं. मी एकदा विचारलं, कशाला हे? ते म्हणाले, "कोणीतरी पुसते कधी. तवा नाही म्हनायले लाज वाटते."

पहिलं दीड वर्ष कुणी काही पुसलं नाही.

गावापासून चार मैलांवर बंजाऱ्यांचा एक तांडा होता. तिथल्या लोकांचे आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे, आता सगळे शेती करत. आपसात गोरबोली, आमच्याशी वऱ्हाडी. तिथं साठीची एक बाई होती, तिला सगळे याडी म्हणत. याडी म्हणजे आई. नवरा गेलेला, मुलगा कापसाच्या शेतात. हिनं तीन संकरित गायी राखल्या होत्या, आणि त्यातली कबरी नावाची गाय तालुक्यात गाजलेली, एवढी दुधाची. आमचे पर्यवेक्षक अर्थातच तिला 'कबरीवाली' म्हणत.

कबरीच्या एका लेकीला कालवड झाली होती. दोन महिन्यांच्या त्या कालवडीच्या कानात आम्ही पिवळा बिल्ला मारला आणि महिन्यानं याडी निरोप घेऊन आली की कान भरून येत नाही. आम्ही मोटरसायकलवर गेलो. कालवड गोठ्याच्या कोपऱ्यात बसलेली, अंगावर कातडं सैल, हिरड्या लाल, ताप. हगवण लागलेली. बिल्ल्याचं भोक रुपयाएवढं झालं होतं. मी प्रतिजैविक टोचलं. आठ दिवसांत ती उठली, दूध प्यायली, आणि पुन्हा बसली. पुन्हा टोचलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी बॅगेत हात घालत होते, तेव्हा ते म्हणाले, "थांबा मॅडम."

त्यांनी कान हातात धरला. वास घेतला. बोटानं जखमेची कड दाबली. जखम ओली होती, लाल होती, आणि स्वच्छ होती. धुतल्यासारखी.

"इथं कोणी आलंच नाही," ते म्हणाले.

"कोण?"

"पू नाही. दीड महिन्याची जखम, चिघळून राह्यली, आन पू धरला नाही. असं मी आजवर पाह्यलं नाही."

त्यांनी कालवडीचं रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी दहाच्या उन्हात अंगणात पट्टी लावली आणि ती कडेपासून कडेपर्यंत दोनदा फिरवली. मग स्टूल सोडून उठले, मला बसायला सांगितलं. मी पाहिलं. एरवी अख्खी पट्टी फिरवावी तेव्हा मूठभर पांढऱ्या पेशी सापडतात. इथं जिथं नजर जाईल तिथं त्याच. नंतर मोजल्या तर नेहमीच्या दहापट.

"रक्तात जत्रा भरली हाये," ते म्हणाले, "आन जखमेवर चिटपाखरू नाही. असं कसं?"

मला उत्तर येत होतं. आयुष्यात थोड्याच वेळा असं होतं. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला पाच गुणांसाठी पाठ केलेली टीप होती ती. मी त्यांना सांगितलं की पांढरी पेशी रक्तातून वाहत असते, नुसती वाहून भागत नाही. जिथं जखम झाली तिथली रक्तवाहिनीची भिंत खूण करते. पेशी आधी त्या भिंतीला हलकी लागत लागत, गडगडत येते. मग तिच्या अंगावरची दुसरी प्रथिनं भिंतीला घट्ट धरतात, ती थांबते, चपटी होते आणि दोन पेशींच्या फटीतून बाहेर जखमेवर उतरते. विदेशी रक्ताच्या काही गायींच्या वंशात या घट्ट धरणाऱ्या प्रथिनात जन्मजात खोट असते. पेशी जन्मतात, वाढतात, लाखोंनी वाहतात. थांबता येत नाही. मग जखमेला पू येत नाही, हिरड्या सडतात, फुफ्फुस जातं, आणि वासरू वर्ष पुरं करत नाही.

ते ऐकत उभे होते. मधेच म्हणाले, "धरते तं मंग सोडते कशी? पुढं सरकायचं तं सोडा बी लागन." ते मला माहीत नव्हतं. पुढे कितीतरी संध्याकाळी ते मला या एकाच गोष्टीवर प्रश्न विचारत राहिले. जिथं या पेशी तयार होतात त्या हाडातल्या मगजात त्यांना कोण धरून ठेवतं, वयात आल्या की पकड कोण सैल करतं. मी माहेरून जुन्या वह्या मागवल्या. पण त्या सकाळी त्यांनी शेवटी एवढंच विचारलं, "हे मायबापाकडून येते?"

"दोघांकडून यावं लागतं. एकाकडून आलं तर जनावर धडधाकट असतं, फक्त खोट पुढं देतं."

ते खोलीत गेले. तासाभरानं दोन रजिस्टरं काखेत घेऊन आले आणि माझ्या टेबलावर उघडून ठेवली. कबरीला काही वर्षांपूर्वी एका वळूची कांडी भरली होती. त्या वळूच्या कांड्या निळ्या रंगाच्या असत, कुठून येत ते इथं लिहीत नाही. त्याच्या लेकी दुधाला चांगल्या निघाल्या, म्हणून लोक 'निळीच भरा' म्हणत. कबरीची ती लेक मोठी झाली, माजावर आली, आणि तिलाही निळी कांडी. बापाचंच बीज लेकीला.

"दोन्ही कांड्या माह्या हातच्या," ते म्हणाले.

असं करायचं नसतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं.

"नियम ठाऊक होता मॅडम. त्या दिवशी भांड्यात दुसरी कांडीच नव्हती. कबरीवाली चार मैल गाय चालवत घेऊन आलती, उन्हाची. परत कशी पाठवू? म्हटलं, एकडाव चालते." मग त्यांनी दुसरं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. त्यात सहा ठिकाणी पेन्सिलीनं खुणा होत्या. निळ्या कांडीच्या लेकींची निळ्या कांडीची वासरं. प्रत्येकापुढे त्यांच्याच अक्षरात, 'हगवण. दगावले.'

"म्हणजे एकडाव नाही चाललं," ते म्हणाले. "आन मी हगवण लिव्हत राह्यलो."

रक्ताचा नमुना आम्ही लांबच्या एका प्रयोगशाळेत पाठवला. अहवालाला वेळ लागणार होता. मी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, की या वळूच्या कांड्या थांबवाव्यात, त्याची तपासणी व्हावी. पाठवण्याआधी तिथल्या साहेबांना फोन केला. ते वाईट माणूस नव्हते. दमलेले होते, आज मी असते तसे. "एका वासरावरून?" ते म्हणाले. "आधी अहवाल येऊ द्या." माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. पत्र मी खणात ठेवलं.

रोज सकाळी ते दारात उभे राहून विचारत, "गेलं काय मॅडम?"

"पाठवते."

आठ-दहा दिवस असं चाललं. मग एका सकाळी त्यांनी वेगळं विचारलं. विचारलं नाही, सांगितलं. "मॅडम, आज त्या निळ्या काढून टाकतो. भांड्यात राह्यल्या तं कोणीतरी भरन. दुसरं कोणी कायले, मीच भरीन. उन्हाची एखादी बाई येईन दारात."

मी लसीकरणाचा तक्ता भरत होते. मान वर केली नाही. त्यांनी थोडं थांबून पाहिलं आणि गेले. खिडकीतून मला दिसत होतं. कांड्या गोठवून ठेवायच्या नत्राच्या भांड्यातून वाफ आली, त्यांनी चिमट्यानं एकेक कांडी काढून ओट्यावर रांगेत मांडली. उन्हात दोन-चार मिनिटांत सगळं संपतं. तरी ते तासभर तिथं बसून होते.

त्याच दुपारी आम्ही तांड्यावर गेलो. याडी कालवडीचं डोकं मांडीवर घेऊन तिला गुळाचं पाणी पाजत होती. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. त्या दिवशी त्यांनी तिला कबरीवाली म्हटलं नाही.

"याडी, हे वाचत नाही."

"मले दिसते."

"रोग नाही हा. हिच्या रक्तात शिपाई लय हायेत. पण एस.टी. चालू हाये, गाव आलं, आन उतरायचं तं दांडा धरायले हातच नाही. तशेच पुढं जातात. जखमेवर कोणी उतरत नाही." त्यांनी कालवडीचा कान हातात धरला. "आन हे माह्यापायी झालं. कबरीले ज्या बैलाची कांडी भरली, तिच्या लेकीले बी त्याचीच भरली मी. भराची नसते. मले माहीत होतं."

याडीनं वाटी खाली ठेवली. ती कालवडीच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "डागदर, हे मले काहून सांगून राह्यला? मी तं कधी पुसलं नसतं."

"म्हणूनच."

"कबरीची दुसरी लेक हाये. ते बी त्याच बैलाची, गोठ्यात उभी हाये. तिचं काय?"

"ते चांगली हाये. फक्त तिले दुसऱ्या बैलाची भरा लागन. मी नाही भरत. मॅडम भरतील."

"तूच भर," याडी म्हणाली. "आता तू इसरत नाहीस."

कालवड चार दिवसांनी गेली.

पुढचा महिनाभर ते रजिस्टर घेऊन घरोघर फिरले. जिथं जिथं निळ्या कांडीची लेक उभी होती, तिथं तिथं जाऊन हेच सांगितलं, आणि सहा घरी जास्तीचं सांगितलं, की तुझं वासरू हगवणीनं गेलं नव्हतं. मी सोबत गेले नाही. मला कामं होती. काही लोकांनी चहा पाजला. एकानं त्यांची कॉलर धरली. बरेच जण नुसते हो म्हणाले आणि त्यांना काही कळलं नाही. पण बोलणं बोरी अरबच्या बाजारात पोचलं, आणि आमच्या भागातल्या चांगल्या गायींना गिऱ्हाईक मिळेना. व्यापाऱ्यांनी एकच लावून धरलं, या गायी आतून खराब आहेत. मग तक्रार गेली, आणि वरून चौकशी आली.

चौकशी वासरांची नव्हती, कांड्यांची होती. सरकारी माल विनापरवानगी नष्ट केला. आधी त्यांचा जबाब झाला, मग माझा. मला विचारलं, कांड्या टाकण्याआधी तुम्हाला कल्पना दिली होती का? मी लिहून दिलं, नाही. मला माहीत नव्हतं. सही केली. पेन चालत नव्हतं म्हणून दोनदा केली.

निवृत्तीला सव्वा वर्ष उरलेल्या माणसाची बदली राजूरच्या बाजूला झाली. कोळशाचा भाग. जनावरं कमी, त्यांच्या अंगावर काळी धूळ. जायच्या आदल्या दिवशी ते तांड्यावर जाऊन कबरीच्या दुसऱ्या लेकीला कांडी भरून आले. मला म्हणाले, "मॅडम, तारीख लिव्हून ठेवली हाये. दिवस भरले की पाहून याल." मी पाहून आले. गोऱ्हा झाला होता, धट्टाकट्टा. दोन दावी तोडली म्हणून याडी शिव्या देत होती.

अहवाल आला तेव्हा ते नव्हते. खोट निघाली, आम्ही म्हणत होतो तीच. मी खणातलं पत्र काढलं, अहवाल जोडला आणि पाठवलं. उत्तर आलं की आता वळूंची तपासणी करूनच कांड्या येतात, सबब प्रकरण बंद. ते खरंही होतं.

त्यानंतर मी जिल्ह्यात चार ठिकाणी फिरले. आता यवतमाळला कार्यालयात बसते. बिल्ल्यांचे आकडे मोबाईलवर चढवायचे, लसी आल्या की वाटायच्या, नाही आल्या की कळवायचं. गेल्या उन्हाळ्यात जुन्या फायली संगणकावर घ्यायचं काम निघालं आणि त्या चौकशीची फाईल माझ्या टेबलावर आली. त्यात माझ्या जबाबाच्या खाली त्यांचा जबाब टाचलेला होता. तो मी कधी पाहिला नव्हता. तेच बारीक अक्षर. चूक कबूल केलेली, कारण दिलेलं नाही. आणि शेवटची ओळ, 'या कृत्याची मॅडम यांना कोणतीही पूर्वकल्पना नव्हती.' माझ्या जबाबाच्या दोन दिवस आधीची तारीख.

रविवारी मी उमरखेडची एस.टी. धरली.

ते ओसरीत बसले होते. वाळले होते, डाव्या हाताला कंप होता. मला पाहून त्यांना नाव आठवलं नाही. मी म्हटलं, तांड्यावरची कबरी. "या मॅडम," ते म्हणाले. त्यांच्या बायकोनं लगेच ताटं घेतली. ज्वारीची भाकर, तुरीच्या डाळीची आमटी. मी बोलायचं ठरवून गेले होते, पण पहिला घास घेतला आणि आमटीचंच बोलत राहिले. मग त्यांची बायकोच म्हणाली, "बाई, एक पुसू? त्या वर्षी ह्यायची बदली काहून झाली, हे मले कधी सांगतलं नाही. मी लोकायचं ऐकून घेतलं, खाल्ले असतील पैसे म्हणून. तुमी होत्या तिथं. तुमी सांगा."

ते ताटाकडे बघत होते. मी सांगायला लागले. कालवडीचा कान, पट्टीवरची गर्दी, रजिस्टरं. दुसरी कांडी नव्हती ते सांगितलं, ऊन सांगितलं. आणि म्हटलं, "तशी चूक यांची एकट्याची नव्हती."

त्यांनी मान वर केली. "तेवढं खोटं नोका सांगू मॅडम. कांडी मीच भरली. ते तसंच सांगा, आन पुढचं सांगा."

बायको माझ्याकडे बघत होती. पुढचं माझं होतं. हातातली भाकर ताटात ठेवली आणि तेही सांगितलं.